चाळिशीतली चढाई

प्रश्न : वय ३९. मुंबईत नोकरी, पण कापड्याच्या कबड्डी संघातून अजून चढाई करतो. उडी मारून निसटताना गुडघा मुरगळतो. खेळ सोडू का?
– एक वाचक, कापडे (ता. पोलादपूर)

उत्तर : खेळ नको, उडी सोडा. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळलं किंवा उडीनंतर एकाच पायावर आलात, की गुडघ्याच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. कबड्डीपटू अनुपकुमारची चढाई पाहा. अंगावर जाण्यापेक्षा बोनस गुण आणि हातस्पर्शावर त्याचा भर असायचा. समोर सहा-सात बचावपटू असताना बोनस घ्या. ‘करो या मरो’ची, म्हणजे गुण न मिळाल्यास बाद करणारी चढाई पोरांना द्या. नाहीतर बचावात या. धर्मराज चेरलाथन २०१९ च्या प्रो कबड्डीत ४४ व्या वर्षी खेळत होता. अमेरिकी बास्केटबॉलमधला विन्स कार्टर, उंच उड्यांसाठी गाजलेला, उतारवयात लांबून तीन गुणांच्या फेकी करत वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत टिकला.

मुंबईहून रात्रभर एसटीत आखडून उतरल्या उतरल्या मैदानात जाणं मात्र वेडेपणा. आधी अंग गरम करा. एरवी मांडीच्या मागच्या-पुढच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवेतच. गुडघा सुजत असेल किंवा चालताना सटकत असेल, तर नीकॅपवर भागवू नका. पुढच्या सामन्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.