काचेमागचा पंच

राहुरी फॅक्टरी सोडून गाडी कोल्हारकडे निघाली आणि उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना समोरच्या गाडीला घासली, तर पुढे काय होतं हे नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत दहा माणसं जमतात. चहाच्या टपरीवरचा एक जण, मोटारसायकल बाजूला लावून आलेले दोघं, बांधावरून उतरलेला एखादा म्हातारा. ‘कुठले तुम्ही?’ ‘संगमनेरचे.’ ‘संगमनेरात कुणाचे?’ अशी विचारपूस होता होता दोघांच्याही ओळखीचा एक पाहुणा निघतो, आवाज खाली येतात आणि डेंटिंग-पेंटिंगचा आकडा रस्त्यातच ठरतो. न्याय होतोच असं नाही. ज्याची ओळख दांडगी, त्याच्याकडे पारडं झुकतं. पण चार डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.

तोच माणूस पुढे नोकरीसाठी स्लावला, एडिसनला किंवा मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात जातो, तेव्हा त्याच्या मागून चाळीस गाड्या जातात आणि एकही थांबत नाही. समोरचा ‘सॉरी’ म्हणतो, दोघं नाव-पत्ता आणि विम्याचा तपशील लिहून घेतात, निघतात. मग महिनाभराने पत्र येतं: चूक तुमची, आणि समोरच्या गाडीतल्या चौघांच्याही मानेला झटका बसला आहे. गाडीत तर एकटा चालक होता! हे सांगायला मात्र कोणी पंच नाही, आणि आपलं इंग्रजी फोनवर अडखळतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातून बाहेर पडून परदेशात रुळलेली घरं नव्याने येणाऱ्यांना जे सांगतात, त्यात भाड्याचं घर, शाळा, किराणा यांच्या जोडीला आता हेही असतं: गाडी घेतलीत ना, मग पहिल्या आठवड्यातच पुढच्या काचेला कॅमेरा लावा. ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे तोच आपला पंच.

ब्रिटनमध्ये या फसवणुकीला इतका ऊत आला की विमा कंपन्यांनी मिळून २००६ मध्ये ‘इन्शुरन्स फ्रॉड ब्युरो’ ही स्वतंत्र संस्था उभी केली. मुद्दाम अपघात घडवून भरपाई उकळण्याला तिथे ‘क्रॅश फॉर कॅश’ म्हणतात. पुढची गाडी कारण नसताना कचकन ब्रेक मारते. कधी तिचे ब्रेकलाइटही आधीच काढून ठेवलेले असतात. मागून धडकणारा दोषी, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं, आणि या टोळ्यांचा सगळा धंदा त्या समजुतीवर चालतो. हा पैशांपुरता खेळ राहत नाही. जून २०११ मध्ये बकिंगहॅमशरमधल्या ए-४० रस्त्यावर अशाच घडवून आणलेल्या अपघातात एका तरुण महिलेचा जीव गेला. २०१३ मध्ये तिघांना प्रत्येकी दहा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला.

नगरच्या चालकाने यातला एक प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण तो आपल्या सवयीच्या नेमका उलट आहे. नगर-पुणे रस्त्यावर समोरच्याने डिपर मारला, तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब.’ ब्रिटनमध्ये बहुतेक चालक डिपर मारतात तो ‘तुम्ही आधी जा’ म्हणून. नवा माणूस महिनाभरात ही खूण शिकतो, त्याला बरंही वाटतं, आणि तिथेच तो फसू शकतो. बाजूच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना कोणीतरी दिवे चमकवून वाट देतो आणि आपण निघालो की येऊन धडकतो. नंतर तो म्हणतो, मी दिवे चमकवलेच नाहीत. तिथल्या हायवे कोडनुसार दिवे चमकवणं म्हणजे फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवणं, वाट दिल्याचं वचन नव्हे. त्यामुळे रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय निघायचं नाही. कॅमेरा घेताना त्याची नजर रुंद आहे ना, बाजूने येणारी गाडी तिच्यात मावते ना, हेही दुकानातच पाहून घ्यायचं.

अमेरिकेतलं एक उदाहरण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेल्ट पार्कवेवर एक होंडा अचानक पुढे येऊन थांबली. मागच्या महिलेने वेळेत ब्रेक मारला, धडक टळली. तेव्हा होंडा चक्क मागे आली आणि तिच्या गाडीवर आदळली. हे सगळं तिच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात होतं म्हणून जगाने पाहिलं. नसतं, तर पुढच्या गाडीचा मागचा बंपर चेपलेला आणि मागच्या गाडीचा पुढचा, एवढंच कागदावर उरलं असतं. त्यावरून निवाडा कोणाच्या बाजूने लागला असता, ते उघड आहे.

कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे लगेच खरं मानलं जातं, असंही समजू नये. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक ॲरोहेड इथे एका रोल्स रॉइसमध्ये अस्वल शिरून आतली नासधूस झाली, असा दावा विमा कंपनीकडे आला. सोबत चित्रफीतही होती. तपासात निघालं ते अस्वलाच्या पोशाखातलं माणूस. त्याच दिवशी, त्याच जागी आणखी दोन गाड्यांचेही असेच दावे लावलेले होते. म्हणून विमा कंपनी कोणाचीही चित्रफीत बारकाईने तपासते. आपली चित्रफीत कापलेली, जोडलेली किंवा चुकीच्या वेळेची निघाली, तर खऱ्याचंही खोटं व्हायला वेळ लागत नाही.

वेळेची गोष्ट इथे जरा सावकाश सांगायला हवी, कारण जाणत्यांचीही चूक इथेच होते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हेच मार्च आणि नोव्हेंबरमध्ये होतं. मोबाइल आपोआप बदलतो, साधा कॅमेरा बदलत नाही. मग अपघात संध्याकाळी साडेपाचचा आणि चित्राच्या कोपऱ्यात साडेसहा. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यातही स्थानिक वेळेचा विभाग आपणच निवडावा लागतो. म्हणून घरातलं भिंतीवरचं घड्याळ बदलाल, त्याच दिवशी खाली जाऊन गाडीतलंही बदला.

कार्डाचंही तसंच. कॅमेरा गोल फिरणाऱ्या रहाटासारखा चालतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून नवं लिहितो. ६४ जीबीच्या कार्डावर साध्या एचडी दर्जाचं साधारण सात-आठ तासांचं चित्रण मावतं. धक्का जाणवला की आतला सेन्सर ती फाइल कुलूपबंद करतो, पण हलकी घासाघीस त्याला जाणवेलच असं नाही. म्हणून काही घडलं की गाडी सुरक्षित जागी उभी करून कॅमेऱ्याचं कुलपाचं बटण दाबायचं, आणि घरी पोचल्यावर तो तुकडा आधी उतरवून ठेवायचा. मोबाइलमधून काढलेलं जुनं कार्ड यात घालू नये. सतत लिहिलं-पुसलं जाणं सोसेल असं, ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्यावं. अपघातानंतर कार्ड काढून पाहिलं आणि गेल्या चार महिन्यांत त्यावर काहीच उमटलेलं नाही असं कळलं, तर होणारी हळहळ टाळायला महिन्यातून एकदा दोन मिनिटं चित्रण उघडून बघणं पुरतं.

कॅमेरा कुठे लावायचा, यालाही कायदा आहे. कॅलिफोर्नियात चालकापासून दूरच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंचांचा चौकोन किंवा काचेच्या वर मधोमध ५ इंचांचा चौकोन अशा ठरलेल्या जागा आहेत. ब्रिटनमध्ये स्टीअरिंगच्या समोरचा काचेचा २९ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा. याच ओघात शिर्डीकडच्या मंडळींना जिव्हाळ्याची एक सूचना: आरशाला लोंबणारी साईबाबांची माळ. नजरेला आडवं येणारं काहीही काचेसमोर टांगलं, तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पोलीस तेवढ्यावरून गाडी थांबवू शकतात. बाबांना डॅशबोर्डच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, तरी श्रद्धा कमी होत नाही.

आवाजाचं मुद्रण बंद ठेवणं उत्तम. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय मुद्रित करणं गुन्हा ठरू शकतो. शिवाय घरच्यांचं गाडीतलं बोलणं विमा कंपनीच्या टेबलावर जावं, असं कोणालाच वाटत नसतं.

युरोपात तर देश बदलला की नियम बदलतो. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी निकाल दिला की अखंड चित्रण गोपनीयतेच्या कायद्यात बसत नाही, पण अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात ते पुरावा म्हणून वापरता येऊ शकतं. स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये असं चित्रण गंभीर गुन्ह्यांखेरीज नाकारलं. ऑस्ट्रियात खासगी वापरावर इतके निर्बंध आहेत की म्युनिकहून साल्झबर्गला सहलीला जाणाऱ्याने सीमेवर कॅमेरा काढून पेटीत ठेवणंच बरं.

सिंगापूरचा नियम सरळ आहे: अपघात लहान असो की मोठा, २४ तासांत किंवा पुढच्या कामाच्या दिवशी आपल्या विमा कंपनीला कळवायचा. ‘जाऊ दे, आपसात मिटवलं’ हा नगरी तोडगा तिथे अंगाशी येतो.

आता न झालेल्या अपघातांबद्दल, कारण कॅमेऱ्याचा खरा रोजचा उपयोग तिथे आहे. एखादी गाडी अंगावर आली, आपण कसेबसे निभावलो, घरी जाऊन पाणी प्यायलो आणि विसरलो, असं व्हायला नको. वेल्समधल्या पोलिसांनी ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू केलं. त्यात धोकादायक चालवणाऱ्याची चित्रफीत कोणीही पाठवू शकतो. अशी सोय नंतर इंग्लंडमध्येही पसरली. दोषी चालकाला नोटीस १४ दिवसांत जावी लागते, त्यामुळे आठवडाभर विचार करत बसलं तर प्रकरण हातचं जातं. चित्रफीत न कापता, घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या मिनिटासकट द्यायची, आणि तक्रार चालू असताना ती व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवायची नाही.

मागचा-पुढचा भाग पोलीस मागतात, तेव्हा आपण स्वतः काय केलं हेही त्यात दिसतं. त्याला घाबरण्याचं कारण नाही, उलट नव्या चालकासाठी ती सगळ्यात मोलाची शिकवणी आहे. रविवारी जेवणं झाल्यावर नवरा-बायकोने आठवड्यातले दोन-तीन तुकडे लॅपटॉपवर शांतपणे बघावेत. पुढच्या गाडीपासून आपण किती जवळ होतो, हे स्टीअरिंगवर बसून कळत नाही, पडद्यावर लगेच कळतं. ब्रिटनमध्ये कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंदांचं अंतर सांगितलं आहे, ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. पुढची गाडी दिव्याच्या खांबापाशी आली की मोजायला सुरुवात करायची. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायच्या आत आपणही तो खांब ओलांडला, तर सुप्याच्या रस्त्यावरची सवय अजून पायातून गेलेली नाही. अमेरिकेत थांबलेल्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असताना आपण थांबलो होतो का, हेही तिथे दिसतं. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही थांबावंच लागतं, आणि ही गोष्ट पहिल्या महिन्यात कितीतरी जणांच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक फसवणूक अशी, जिथे कॅमेरा काहीच कामाचा नाही. नव्या चालकाचा विम्याचा हप्ता ऐकून धडकी भरते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात समाजमाध्यमावर कोणीतरी निम्म्या दरात पॉलिसी देऊ करतो, कधीकधी आपल्याच भाषेत. कागद हुबेहूब असतो, पॉलिसी नसतेच. ब्रिटनमध्ये यांना ‘घोस्ट ब्रोकर’ म्हणतात. पकडलं गेल्यावर ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ गुण चढतात ते आपल्याच नावावर. पैसे देण्याआधी दलालाचं नाव वित्तीय नियामकाच्या यादीत आहे का, आणि दिल्यावर गाडीचा नंबर राष्ट्रीय विमा नोंदीत दिसतो का, एवढं प्रत्येकाने स्वतः पाहावं. गावाकडचा आहे म्हणून विश्वास टाकला, हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

सुट्टीत गावी येताना पुष्कळ जण आई-वडिलांच्या गाडीसाठी एक कॅमेरा घेऊन येतात. चांगली भेट आहे. भारतातही विम्याचे खोटे दावे आहेत. उत्तर प्रदेशातल्या बनावट अपघात-दाव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या वकील परिषदेलाही फटकारलं होतं. पण नगरच्या रस्त्यावरचा मोठा धोका वेगळा आहे. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, आणि नगर-मनमाड रस्त्यावर अंधारात, मागे दिवा नसलेली, उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली डबल ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समृद्धी महामार्गावर शिर्डीच्या पुढे गाड्या १२०च्या वेगाने जातात. अशा ठिकाणी दोन साक्षीदार मिळणंही मुश्कील.

इथे घ्यायचा कॅमेरा बॅटरीचा नको, कपॅसिटरचा हवा. मे महिन्यात कोपरगावला उन्हात उभ्या केलेल्या गाडीची काच हाताला चटका देते, त्या उष्णतेत बॅटरी फुगते. आणि पुराव्याचं काम पडलं, तर जालन्याच्या निवडणुकीचा खटला आठवावा. त्यात उमेदवारी अर्जांच्या वेळच्या व्हिडिओ चित्रणावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की चित्रणाची नुसती प्रत चालत नाही, तिला कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरण घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक चित्रण सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकांतला ठसा, नोंदवावा लागतो.

म्हणून वडिलांना एवढंच शिकवून परत जावं: काही घडलं की कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, कार्ड काढून पाकिटात घालायचं, पाकिटावर तारीख, वेळ आणि ठिकाण पेनने लिहायचं, आणि दुसरं कोरं कार्ड कॅमेऱ्यात बसवायचं. तेवढ्यासाठी ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन कोरी कार्डं, एक पेन आणि चार पाकिटं ठेवून जावीत.