लष्करी राजवट आणि नागरी शासन

कायदे, कर आणि न्यायालये लष्करी राजवटीतही असतात. मग तिच्यात आणि नागरी शासनात मूलभूत भेद कोणता? दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाचे उदाहरण पाहू.

२४ मार्च १९७६ रोजी तेथील सेनाप्रमुखांनी राष्ट्राध्यक्षा इसाबेल पेरॉन यांना पदच्युत केले. संसद विसर्जित झाली. राजकीय पक्षांच्या कार्यावर बंदी आली. सुव्यवस्थेच्या नावाखाली हजारो नागरिकांना उचलून नेण्यात आले. ते कोठे आहेत, हे सांगण्यास कोणीही बांधील नव्हते. एप्रिल १९७७ पासून त्यांच्या माता राजधानीतील प्लासा दे मायो या चौकात जमून मुलांचा ठावठिकाणा विचारू लागल्या. उत्तर मिळाले नाहीच. उलट त्यांच्यापैकी काही जणीच नाहीशा करण्यात आल्या.

१९८३ मध्ये निवडणूक होऊन नागरी शासन आले. १९८५ मध्ये नऊ सेनाधिकाऱ्यांवर नागरी न्यायालयात उघडपणे खटला चालला. आरोपींना वकील मिळाले. पाच जणांना शिक्षा झाली. आरोप सिद्ध न झाल्याने चौघांची मुक्तता झाली. ज्यांच्या राजवटीत इतरांना न्याय नाकारला गेला, त्यांनाही तो नाकारला गेला नाही.

१९९० मध्ये शिक्षा झालेल्यांपैकी काहींना माफी देण्यात आली. पुढे न्यायालयांनी ती घटनाबाह्य ठरवली. चुका नागरी शासनातही होतात. परंतु तेथे सत्तेला जाब विचारता येतो आणि चूक सुधारता येते. हाच तो मूलभूत भेद होय.

विचार करा : चौघांची मुक्तता हे नागरी न्यायव्यवस्थेचे बळ मानावे की दौर्बल्य? सकारण लिहा.