मरळ माशासाठी तरंगते मऊ आमिष : हवा कोठे असावी?

मत्स्यबीज सोडलेल्या शेततळ्यात मरळ शिरला, की त्याचा उपद्रव उशिरा ध्यानात येतो. कटला, रोहू व मृगळ यांच्या बोटुकलीची संख्या निमूटपणे घटत जाते. बीज सोडण्यापूर्वी मोहाच्या पेंडीने तळ्यातील नको असलेले मासे नष्ट करता येतात. बीज सोडल्यानंतर मात्र तो मार्ग बंद होतो, कारण पेंडीतील सॅपोनिन मरळ आणि रोहू यांत भेद करीत नाही. मातीच्या तळ्यात जाळे ओढावे, तर मरळ चिखलात दडतो. अशा वेळी गळ हे निवडक साधन ठरते. बेडूक व मोठे कीटक पृष्ठभागावरून टिपणारा मरळ तरंगत्या आमिषावर झेपावतो. कार्प मासे त्याकडे सहसा फिरकत नाहीत. पकडलेला मरळ वायाही जात नाही. तेलंगणात ‘कोरमीनू’ म्हणून तो राज्यमासा आहे आणि बाजारात त्याला चांगला भाव मिळतो.

घरी ओतलेले मऊ प्लास्टिकचे आमिष बहुधा बुडते. प्लास्टिसॉल पाण्याहून किंचित जड असते आणि गळाचे वजन त्यात भर घालते. जुनी आमिषे वितळवून हा दोष जात नाही, कारण त्यांपैकी अनेकांत वजनासाठी मीठ मिसळलेले असते.

येथे कीटकांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मत्स्यबीज संगोपन तळ्यांत आपण ज्यांचा साबण-तेलाच्या मिश्रणाने बंदोबस्त करतो, ते नोटोनेक्टिडी कुळातील कीटक उताणे पोहतात. त्यांच्या पोटाकडील केसांत हवेचा थर धरलेला असतो. ती बाजू वर उचलली जाते. म्हणजे हवा किती आहे, याइतकेच ती कोठे आहे हेही महत्त्वाचे. आमिषात पोकळ काचमणी सर्वत्र मिसळले तर ते तरंगते, परंतु कुशीवर कलंडण्याचा संभव राहतो. सुईने हवा भरल्यास पहिल्याच चाव्यात ती निसटते. त्यापेक्षा साच्याच्या वरच्या अर्ध्या भागात बुचाचा तुकडा बसवावा. थर्माकोल चालत नाही. तप्त द्रवात ते वितळते.

हिशेब सोपा आहे. साच्याचे आकारमान पिचकारीने पाणी भरून मोजावे. ते १० घन सेंमी निघाले आणि तेवढ्या प्लास्टिकचे वजन १०.५ ग्रॅम भरले, असे धरू. २ ग्रॅमचा गळ जोडल्यावर एकूण वजन १२.५ ग्रॅम होते, तर विस्थापित पाणी जेमतेम १०.२५ ग्रॅम. ०.२ घनतेचे ३ घन सेंमी बूच घातल्यास वजन ९.९५ ग्रॅमवर येते, म्हणजे काठावरचे तरंगणे. ४ घन सेंमी घेतल्यास ते ९.१ ग्रॅम होते व पाठ पाण्याबाहेर राहते. चाचणी गळ लावूनच, बादलीत घ्यावी.

प्लास्टिसॉल सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसला घट्ट जेल बनते. त्याहून फार तापल्यास ते करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. म्हणून तापमापक वापरावा, काम उघड्यावर करावे, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि मुलांना दूर ठेवावे. साचा व बूच पूर्ण कोरडे हवेत. ओलाव्याची वाफ होऊन तप्त द्रव उडतो. या बाबतीत घाई करणाऱ्यांनी हा उद्योग न केलेलाच बरा.

गळ दुहेरी घ्यावा. दांडी पोटातून नेऊन टोके पाठीला चिकटलेली ठेवावीत. त्यामुळे तळ्याच्या प्लास्टिक अस्तराला टोके सहजी लागत नाहीत. शिसे लावू नये. मासा गिळलेले मऊ प्लास्टिक पचवू शकत नाही आणि ते तळ्यात कुजतही नाही. म्हणून तळ्यावर नेलेली आमिषे जाताना व येताना मोजावीत. तुटलेल्या आमिषाचा तुकडा तरंगतो, तेव्हा तो टोपल्यासारख्या जाळीने काढता येतो. हा तरंगत्या आमिषाचा आणखी एक लाभ.

पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा पृष्ठभागी दिसला, की खाली राखणीस मरळ असतो व तो आमिषावर चटकन धावतो. आपल्या बंदिस्त तळ्यात हीच संधी साधावी. नदी-ओढ्यात मात्र पिलांची राखण करणारा मरळ पकडू नये.