यंत्र तेच, बॉडी वेगळी

(हैदराबाद. चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाच्या पिवळ्या रोल्स-रॉइससमोर उभे असलेले मामा आणि भाची. मामांची सगळी नोकरी पुण्यात, गाड्यांच्या बॉडीच्या डाय बनवण्यात गेली.)

भाची : मामा, अशी गाडी जगात एकच?

मामा : अशी एकच. पण हिचं मॉडेल सिल्व्हर घोस्ट, त्या सात हजारांहून जास्त निघाल्या. त्या काळी रोल्स-रॉइस चॅसी आणि इंजिन विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडून करून घ्यायची. ही लंडनच्या बार्करने केली. बघ, मागची बैठक सिंहासनासारखी उंच आहे. मागवली सहाव्या निजामाने, महबूब अली खानांनी. ते 1911 मध्ये वारले आणि गाडी 1912 ची. म्हणजे मिरवली त्यांच्या मुलाने.

भाची : यंत्र इतरांसारखंच, बॉडी तेवढी वेगळी.

मामा : आजही तसंच चालतं. फेब्रुवारी 2023 मध्ये इथे हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, तेव्हा पिनिनफरिना बटिस्टा ही विजेवरची गाडी भारतात पहिल्यांदा दाखवली. कंपनी महिंद्रांची, गाडी बनते इटलीत. जगभरासाठी फक्त 150 ठरवलेल्या. चार चाकांना चार मोटरी, 1900 अश्वशक्ती, शून्यावरून शंभरला दोन सेकंदांच्या आत! पण मोटरी आणि बॅटरी क्रोएशियाच्या रिमॅककडून आलेल्या. रिमॅकची स्वतःची नेव्हेरा गाडीही त्याच घराण्यातली.

भाची : मग पिनिनफरिनाचं त्यात काय?

मामा : नजर. बटिस्टा फरिनाने 1930 मध्ये तुरिनला बॉडीचाच कारखाना काढला. त्याने बॉडी दिलेली चिसितालिया 202 गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 च्या प्रदर्शनात मांडली. पुढे कितीतरी फेरारींचं रूप याच कारखान्याने ठरवलं.

भाची : ते पटलं. पण 150 च का? घेणारे असतील तर हजार करा की.

मामा : पत्र्याची बॉडी प्रेसवर बनते. तिच्या डायांवर इतका पैसा लागतो की हजारो गाड्या काढल्याशिवाय तो वसूल होत नाही. शिवाय पत्र्याला फार खोल वळण दिलं की तो फाटतो, नाहीतर सुरकुततो. आमची निम्मी भांडणं डिझायनरशी त्यावरूनच व्हायची! बटिस्टा कार्बन फायबरची. रेझिनमध्ये भिजवलेलं कापड साच्यात हाताने अंथरायचं, गोधडीसारखे थरावर थर. धाग्यांची दिशा थरागणिक बदलायची, कारण ताण सोसला जातो तो धाग्याच्या दिशेने. मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली तापवून घट्ट करायचं. साचा स्वस्त, वळणं हवी तशी, पण वेळ भयंकर जातो.

भाची : म्हणजे कमी संख्या हा नाइलाज आहे.

मामा : निम्मा. उरलेला निम्मा धंदा. किंमत वीस लाख युरोंच्या वर. आपल्यासारख्या दुसऱ्या फार नाहीत, याची खात्री गिऱ्हाइकाला आधी हवी असते. त्याच गाडीची ‘अ‍ॅनिव्हर्सारियो’ आवृत्ती तर पाचच. सहावी केली असती तर कारखाना काही बुडाला नसता.

भाची : आणि ताशी 350 किलोमीटर पळवणार कुठे? आपल्या आउटर रिंग रोडवर मर्यादा 120 ची.

मामा : पळवण्यासाठी कोण घेतंय? ही पिवळी तरी कुठे फार चालली!

भाची : शंभर वर्षांनी बटिस्टाही अशीच उभी असेल?

मामा : बॉडी असेल, कार्बनला गंज चढत नाही. पण या रोल्सचा एखादा भाग झिजला तर बालानगरचा चांगला टर्नर लेथवर करून देईल. बटिस्टाच्या बॅटरीतले सेल आणि सॉफ्टवेअर तेव्हा कोण करून देणार?

भाची : मग ती हलणारच नाही?

मामा : हलेल की, ढकलली तर. दोन टनांच्या वर वजन आहे, माणसं मात्र भरपूर लागतील.