विममधला ऱ

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजून कानावर पडणारे शब्द दोन विद्यार्थ्यांनी वर्षभर टिपून आणले. दोघांच्या याद्या मी एकत्र केल्या, अकारविल्हे लावल्या, संगणकाकडून पुनरुक्ती काढून घेतली आणि मुद्रित हाती घेतले. 'वऱ्हाड' दोनदा, एकाखाली एक! चष्मा पुसून पाहिला. दोन्ही नोंदी तंतोतंत सारख्या. शेवटी ती फाइल विम या संपादकात उघडली, तेव्हा एका वऱ्हाडाच्या पोटात टोकदार कंसात '२००डी' असे काहीतरी दिसले.

तो होता युनिकोडमधला शून्य रुंदीचा जोडक. मराठीतला हा ऱ् दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१) आणि पुढे हलन्ताचे चिन्ह. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे हा अदृश्य जोडक. कागदावर फरक शून्य, संगणकाच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद आपण वर्गात तळमळीने शिकवतो. आणि शब्दसंग्रहात शोध घेतला की निम्मे ऱ्य सापडतच नाहीत. संशोधकाला वाटते, शब्द नाहीच.

विमकडे मी वळलो तो यासाठी. बिल जॉय यांनी १९७६ साली व्हीआय लिहिला. त्याचा हा वारस, ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला. यात माउस लागत नाही. लिहिण्याची अवस्था वेगळी, आज्ञांची वेगळी. आज्ञावस्थेत एच, जे, के, एल या कळांनी इकडेतिकडे जायचे, डी दोनदा दाबून ओळ पुसायची.

पण मराठी माणसाचे घोडे इथेच अडते. इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्याच चार कळा प, र, क, त देतात आणि डीडी म्हणजे दोन हलन्त. ओळ पुसली जात नाही. दर वेळी कळफलक बदलत बसलो तर लिहायचे केव्हा? पहिला आठवडा मी तेच केले आणि फार चिडलो.

तोड विममध्येच आहे, तिचे नाव कीमॅप. संगणकाचा कळफलक रोमनच ठेवायचा. घरच्या फोल्डरातील 'डॉट विम'मध्ये कीमॅप नावाचा फोल्डर करून त्यात एक साधी फाइल लिहायची: आरंभी 'लोडकीमॅप' ही आज्ञा, खाली दोन रकाने, डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, इथे उच्चार दिले आहेत.) मग विमआरसी या फाइलीत 'सेट कीमॅप' लिहून त्या फाइलीचे नाव द्यायचे. आता मराठी उमटते ती फक्त लिहिताना. कंट्रोल आणि ६ दाबले की मराठी बंद, पुन्हा दाबले की चालू. आज्ञांना धक्का लागत नाही. गंमत म्हणजे ओळीत पुढचा ळ गाठायला एफ ही आज्ञा रोमनच राहते, तिच्यामागून दाबलेली कळ मात्र ळ देते.

माझ्या रकान्यांत शिफ्ट-जे म्हणजे ऱ, इनस्क्रिप्टप्रमाणेच. जोडकाला मी कळच दिलेली नाही. जुन्या फाइलींसाठी विमआरसीत आणखी एक ओळ आहे: फाइल जतन होण्याआधी 'र, हलन्त, जोडक' दिसले की त्या जागी 'ऱ, हलन्त' घाल. त्या एका ओळीने दोन वऱ्हाडांचे एक केले. ॲ चेही असेच दुखणे आहे. कोणी तो एकसंध लिहितो (०९७२), कोणी अ वर चंद्र देतो. एकसंध ॲ क्रमांकानुसार लावला तर ह च्याही मागे जाऊन बसतो. त्याची ओळ अजून लिहायची आहे.

'सेट डेलकंबाइन' मात्र प्रत्येकाने लिहावेच. एरवी 'की'मधली वेलांटी चुकली आणि मागची कळ दाबली, तर क सकट सगळे जाते. हे लिहिले की फक्त वेलांटी जाते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या शिक्षकाला याचे मोल सांगायला नको.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरे फुटलेली दिसतात, हे खरे. त्याचा ज्यांना त्रास होतो त्यांनी ईमॅक्स पाहावा. त्यात देवनागरी लेखनपद्धती आधीपासूनच आहे. मी फुटकी अक्षरे वाचायला शिकलो आहे. मुद्रितासाठी फाइल दुसरीकडे उघडतो, आणि विद्यार्थ्यांच्या नव्या याद्या आल्या की पहिल्यांदा २००डी शोधतो.