छंदाचा आनंद

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'शौक' म्हणतो, त्याला मराठीत 'छंद' म्हणतात. कोणी तिकिटे जमवतो, कोणी चित्रे काढतो, कोणी बासरी वाजवतो. छंदामुळे मन प्रसन्न राहते. पण पुष्कळदा दुसऱ्याचा संग्रह पाहून आपल्याला आपला छंद नकोसा वाटू लागतो. असे का व्हावे? दोन छंदवेड्या माणसांची हकिकत ऐका.

हैदराबादला मीर युसूफ अली खान नावाचे एक श्रीमंत सरदार होते. त्यांना तिसरे सालारजंग म्हणत. ते काही काळ निजामाचे दिवाण होते. दुर्मीळ वस्तू जमवणे हा त्यांचा छंद. पुतळे, चित्रे, हस्तलिखिते अशा कितीतरी वस्तू त्यांनी देशोदेशीहून मिळवल्या. त्यांच्या संग्रहात एक मजेदार घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि ठोके देतो. १९४९ साली सालारजंग वारले. १९५१ साली त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय झाले.

त्याच काळात पुण्यात दिनकर गंगाधर केळकर राहत होते. त्यांच्या घराण्याचे चष्म्यांचे दुकान होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांनाही जुन्या वस्तूंचा नाद लागला. सुमारे १९२० पासून ते वस्तू जमवू लागले. त्यांची नजर घरातल्या साध्या वस्तूंवर असे. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री! लोक ज्या वस्तू अडगळीत टाकत, त्या केळकर जपून घरी आणत. पत्नी कमलाबाई यांनी त्यांना साथ दिली.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. तरीही केळकरांनी आपला छंद सोडला नाही. त्यांनी संग्रहालयाला राजाचेच नाव दिले. १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९९० साली केळकर वारले. आज त्या संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत.

आता विचार करा. केळकरांनी आपला पितळी दिवा सालारजंगांच्या संगमरवरी पुतळ्याशेजारी ठेवून पाहिला असता, तर तो त्यांना क्षुद्र वाटला असता. मग पुढचा दिवा त्यांनी आणलाच नसता. पण दिव्यावरची नक्षी पाहण्यातच त्यांना आनंद होता. त्यामुळे आपल्या आजी-आजोबांचे घर कसे होते, हे आज आपल्याला पाहायला मिळते.

छंदाला पैसा लागतोच असे नाही. वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावातल्या मुलालाही छंद जोपासता येतो. तूर, सोयाबीन, सरकी, पळस, बाभूळ यांच्या बिया गोळा कराव्यात. त्या काडेपेटीत ठेवाव्यात आणि वर नाव लिहावे. शेजाऱ्याकडे पन्नास काडेपेट्या असतील, आपल्याकडे पाचच असतील. असू द्या! त्या पाच बिया आपण ओळखतो ना? मग आनंद आपलाच आहे. शेजाऱ्याची नवी बी पाहून "वा!" म्हणावे आणि आपल्या कामाला लागावे.

स्वाध्याय

१. केळकर कोणकोणत्या वस्तू जमवत?
२. मुलाच्या मृत्यूनंतर केळकरांनी काय केले?
३. 'दुःखाचा डोंगर कोसळणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. तुमच्या आवडत्या छंदाविषयी पाच वाक्ये लिहा.