पॉवर स्टिअरिंगची तेलगळती : घरच्या घरी शोध आणि उपाय

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या तेलगळतीवर लेख लिहावा, याचे कुणाला नवल वाटेल. परंतु हिशेब आणि यंत्र यांच्यात एक नाते आहे. तेरीज जुळली नाही, तर रक्कम कुठेतरी गेलेली असते. ती हवेत विरत नाही. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचेही तसेच आहे. डिझेल जाळण्यासाठीच असते, इंजिन ऑइलही थोडेफार जळते. पण पॉवर स्टिअरिंगचे तेल खर्ची पडत नाही. तेच तेल बंदिस्त यंत्रणेत फिरत राहते. म्हणून टाकीतील पातळी पुन्हा पुन्हा उतरू लागली, तर कुठेतरी गळती आहे असेच समजावे. मराठीत आपण गळती म्हणतो, कन्नडमध्ये सोरिके. हे दोन्ही शब्द तेलाला लागतात तसेच तिजोरीलाही लागतात.

आमच्या काकांची जुनी पिकअप गाडी बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेते. गेल्या वर्षी तिच्या स्टिअरिंगखाली तेल ठिबकू लागले. एका गॅरेजने पूर्ण रॅक बदलावा लागेल असे सांगून १८,००० रुपयांचा अंदाज दिला. शिवाय गाडी तीन दिवस उभी राहणार, म्हणजे तीन फेऱ्यांचे भाडे बुडणार. अर्थशास्त्रात ज्याला आपण संधी खर्च म्हणतो, तो हाच. त्या निमित्ताने काकांनी आणि मी मिळून जो शोध घेतला, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

यंत्रणेची ओळख

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. पॉवर स्टिअरिंग त्यावरच उभे आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली अशी यंत्रणा मोटारीवर चालवून दाखविली. विक्रीच्या प्रवासी मोटारीत ती आली १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियल या गाडीत. आजच्या बहुतेक नव्या लहान मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात तेलच नाही, तेव्हा गळतीचा प्रश्नही नाही. पण आपल्या रस्त्यांवर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत.

या यंत्रणेचे मुख्य भाग पाच : तेलाची टाकी, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, पंपाकडून स्टिअरिंगकडे जाणारा उच्च दाबाचा पाइप, चाके वळविणारा रॅक आणि तेल परत टाकीकडे आणणारा परतीचा पाइप. स्टिअरिंग पूर्ण वळविले असता पहिल्या पाइपात दर चौरस सेंटीमीटरला ७० ते १०० किलोपर्यंत दाब चढू शकतो. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण २ किलो असतो, यावरून कल्पना यावी. परतीच्या पाइपात मात्र दाब अगदी कमी असतो. घरी काय करावे आणि काय करू नये, हे या एका फरकावरून ठरते.

गळतीचा शोध

प्रथम गळणारे तेल कोणते, ते ओळखावे. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. ते मराठी असो वा कन्नड, डाग सारखाच पडतो! इंजिन ऑइल तपकिरी वा काळे असते. रेडिएटरचे पाणी बहुधा हिरवे वा गुलाबी आणि पाण्यासारखे पातळ असते. पॉवर स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत लाल असते, जुने झाले की तपकिरी होते. शंका असल्यास टाकीतील तेलाशी ताडून पाहावे.

पुढची पायरी सर्वात महत्त्वाची. तेल जिथे ठिबकते, तिथेच गळते असे नाही. ते पाइपावरून ओघळत खाली येते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते. यासाठी इंजिन थंड असताना सर्व भाग कापडाने पुसून कोरडे करावेत, मग इंजिन थोडा वेळ चालवून कुणाला तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवायला सांगावे. इंजिन बंद करून विजेरीने पाहावे आणि ओल्या झालेल्या भागांतील सर्वात वरची जागा शोधावी. मूळ तिथे असते.

इंजिन चालू असताना पाइपावर बोट फिरवून गळती चाचपू नये. उच्च दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते आणि ती जखम वरून लहान दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागावी इतकी गंभीर असते.

काकांच्या गाडीत थेंब रॅकच्या टोकाशी पडत होता हे खरे. पण रॅकच्या रबरी आवरणाची क्लिप सैल करून पाहिले, तर आतून ते कोरडे होते. रॅकचे सील गेले असते, तर तिथे तेल साठलेले दिसले असते. ओल वर चढत थेट टाकीपाशी गेली होती. परतीच्या पाइपाचे टोक कडक होऊन चिरले होते आणि तेल बाहेरून ओघळत रॅकवर येत होते.

घरचा उपाय

परतीचा पाइप, त्याच्या क्लिपा आणि टाकीजवळचे सांधे ही कामे घरी होण्यासारखी आहेत. उच्च दाबाचा पाइप क्लिप लावून किंवा चिकटपट्टी गुंडाळून कधीच जोडू नये. तो पूर्ण बदलावा लागतो. पंपाचे आणि रॅकचे सील ही जाणत्या मेस्त्रींची कामे. गळती थांबविणारी जी औषधे बाटलीत मिळतात, ती रबर फुगवून काही दिवस निभावतात. चिरलेल्या पाइपाला त्यांचा उपयोग नाही.

पाइप तेल सोसणाऱ्या रबराचाच हवा. रेडिएटरच्या पाण्याचा पाइप या तेलाने फुगतो व मऊ पडतो. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचे कारखाने असल्याने असा पाइप आतला व्यास मोजून बेळगावात सहज मिळतो. तेल कोणते, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये. त्याने सील खराब होतात.

इंजिन थंड असताना खाली भांडे ठेवून जुना पाइप काढावा, दोन्ही टोके पुसावीत, नवा पाइप पूर्ण आत बसवून नव्या क्लिपा आवळाव्यात. सांडलेले तेल लगेच पुसावे. ते पट्ट्यावर राहिले तर पट्टा घसरतो आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले तर पेट घेऊ शकते.

मग आत शिरलेली हवा काढावी लागते. मागच्या चाकांना दगड लावून पुढची चाके जॅकने उचलावीत व गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. टाकी भरून, इंजिन बंद ठेवूनच, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवावे. पातळी उतरेल तसे तेल घालावे. फेस दिसेनासा झाला की इंजिन चालू करून पुन्हा फिरवावे. मात्र टोकाशी ५ सेकंदांहून अधिक दाबून धरू नये. गुरगुर थांबली आणि पातळी स्थिर राहिली, म्हणजे काम झाले. जुने तेल गटारात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

हिशेब

पाइप ३५० रुपये, क्लिपा ६०, एक लिटर तेल ४५०. एकूण ८६० रुपये आणि एका रविवारची दुपार. गाडीची एकही फेरी चुकली नाही. याचा अर्थ प्रत्येक गळती ८६० रुपयांत थांबते, असा नव्हे. आवरणात तेल सापडले असते, तर १८,००० चा खर्चही योग्यच ठरला असता. परंतु नुसते तेल ओतत राहणे हा सर्वात महाग मार्ग आहे. तेल संपले की पंप कोरडा फिरून निकामी होतो. चाके तरीही वळतात, कारण लोखंडी जोड शाबूत असतो. पण घाटातल्या वळणावर भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग एकाएकी जड झाले, तर चालकाच्या हातात ते वेळेवर वळेलच असे नाही.

लेखापरीक्षणात आम्हांला शिकवितात, की नोंद जिथे चुकीची दिसते तिथे न थांबता मूळ पावतीपर्यंत मागे जावे. गाडीखाली पडलेला थेंब ही अशीच शेवटची नोंद आहे. कुठलाही मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी विजेरी घेऊन पावतीपर्यंत जावे, एवढेच विद्यार्थी मित्रांना सांगणे.